आमचे ॲडमिन आणि त्यांचा शेवटचा पेच

व्हॉट्सॲपवर एकदाही खोटं न हसलेला माणूस आमच्या दारव्ह्यात होता, आणि तो आमच्या गटाचा ॲडमिन होता. बाकीचे आम्ही सगळे तोंड आंबट करून बसलेलो असलो तरी अंगठ्याने डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचो. हे मात्र खरंच हसू आल्याशिवाय हसरा चेहरा पाठवायचे नाहीत. विनोद उशिरा समजला तर दुसऱ्या दिवशी पाठवायचे आणि खाली लिहायचे, 'काल दुपारी हसलो.' वाढदिवसाला त्यांचा संदेश असा: 'शुभेच्छा. हार्दिक किती ते देव जाणतो.' कुणाचं निधन झालं की गटात भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागायची. त्या रांगेत ह्यांची नुसतीच 'श्रद्धांजली' असायची. एका माजी सभापतींच्या निधनावर कुणीतरी त्यांना टोकलं, तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, 'भाव येण्याची वाट पाहत आहे. आल्यास कळवीन.' तो आला नाही. आम्ही सभापतींना ओळखत असल्यामुळे पुन्हा विचारलंही नाही.

आमचा गट मुळात दारव्हा ते यवतमाळ रोज ये-जा करणाऱ्यांचा. सकाळी एकाच काळीपिवळीत कोंबले जाणारे आम्ही नोकरदार, आणि जीप कुठवर आली हे एकमेकांना कळवावं म्हणून काढलेला हा गट. पुढे काही निवृत्त झाले, काहींनी मोटारसायकली घेतल्या, जीपवाल्याने जीप विकून किराणा दुकान टाकलं, पण गट चालूच राहिला. ॲडमिन टेलिफोन खात्यात होते. लोकांचं बोलणं एकमेकांपर्यंत पोचवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती, आणि निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नव्हती. जीपच्या काळात त्यांच्या सत्यप्रेमाचा खरा ताप ड्रायव्हरला होता. एकदा नाक्यावर पोलिसाने जीप थांबवून विचारलं, "किती सीटा हायेत?" ड्रायव्हर म्हणाला, "नऊ, साहेब." मागून ॲडमिनचा आवाज आला, "चौदा. टपावरचा धरून पंधरा." त्या दिवसापासून ड्रायव्हर त्यांना नाक्याच्या अलीकडे उतरवायचा आणि नाक्याच्या पलीकडे पुन्हा उचलायचा. ऊन असो की चिखल, ते छत्री घेऊन मधलं अंतर चालत यायचे आणि जीपमध्ये चढताना म्हणायचे, "चाल बाप्पा, आता बोल किती खोटं बोलाचं ते." ड्रायव्हरवर त्यांचा राग नव्हता. ड्रायव्हरचाही त्यांच्यावर नव्हता. त्याच्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला त्यांना हाताला धरून बसवलं होतं.

ते ख्रिस्ती. त्यांचे आजोबा जुन्या दुष्काळात मिशनच्या दारात आले आणि तिथेच राहिले. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, त्यामुळे ते मला नेहमी ज्युनियर म्हणायचे. "आमचं धर्मांतर जुनं, तुमचं नवं. पण पायतो त काय, धर्मांतर झालं, मधलं अंतर तेवढंच राह्यलं." अशा कोट्या करायचा त्यांना नादच होता. बोलताना ते दारव्ह्याचे, पण मोबाइल हातात घेतला की पवित्र शास्त्राच्या जुन्या भाषांतरात शिरायचे. कुणी गट सोडून गेलं की लिहायचे, 'अमुक बंधू लेफ्ट झाले, म्हणून आपण राइट आहोत असे समजू नये.' ज्याने 'शेवटचा कधी दिसला' हे लपवून ठेवलं असेल त्याला खासगी संदेश जायचा: 'एदेन बागेत आदामानेही हेच सेटिंग केले होते.' कापूस खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग वाढत गेली त्या हंगामात त्यांनी लिहिलं, 'कापसाला हमी आहे, भाव नाही. आमच्या भक्तीत भाव आहे, हमी नाही.' हे वाचून मी खरोखर हसलो होतो आणि तसं कळवलंही होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. देवाशी माझा संबंध कॅटलॉगपुरता. त्यामुळे गटात त्यांच्या विरुद्ध बाजूला कुणीतरी हवं असायचं ते काम आपसूक माझ्याकडे आलं होतं.

जेवणं आटोपली की ते गटात रोज एक प्रश्न टाकायचे. त्याला पेच म्हणायचे. उपासनेची घंटा झाली आणि त्याच वेळी शेजाऱ्याची म्हैस खड्ड्यात पडली तर आधी कुठे जावं? जीपमध्ये पुढची सीट आधी आलेल्याची की उलटी होणाऱ्याची? यजमानीण 'भाजी कशी झाली' विचारते आणि भाजी वाईट आहे, तर काय सांगावं? ह्या शेवटच्या पेचावर आमच्यात चार दिवस युद्ध झालं. त्यांचं म्हणणं एकच: खोटं ते खोटं, मग ते वांग्याविषयी असो की स्वर्गाविषयी. माझं म्हणणं असं की जगात जे काही बरं चाललं आहे त्यातलं निम्मं तरी बायकांनी, डॉक्टरांनी आणि ड्रायव्हरांनी वेळेवर बोललेल्या खोट्यावर चाललं आहे. पुढे सगळे गटातल्या राठोड सरांच्या तांड्यावर जेवायला गेलो, तेव्हा वहिनींनी वाढता वाढता हौसेनं विचारलं आणि ॲडमिन म्हणाले, "वहिनी, मीठ विसरल्या तुमी." तेव्हापासून वहिनी त्यांच्या ताटात आधी चिमूटभर मीठ वाढून मगच बाकीचं वाढायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, तुमचं खरं आधी खाऊन घ्या."

पेचाचा एक नियम मात्र त्यांनी फार कडक ठेवला होता. पेच खरा आहे की मनातला, हे कुणी विचारायचं नाही. कारण उघड होतं. दारव्हा एवढंसं गाव. म्हैस म्हटलं की लोक आधी कुणाची म्हैस ते शोधतात आणि नीतीचा विचार राहून जातो. नियम आम्ही सर्वांनी पाळला. एका औषध-दुकानदाराने एकदा 'ही म्हैस कोणती?' एवढंच विचारलं तर त्याला महिनाभर गटाबाहेर बसावं लागलं.

मग ते फवारणीचं वर्ष आलं. कापूस त्या साली डोक्याएवढा वाढला होता. त्यात शिरून फवारणारी माणसं दिवसभर कीटकनाशकाचं पाणी अंगावर घेत होती आणि संध्याकाळी डोळे चोळत, ओकत घरी येत होती. यवतमाळच्या दवाखान्यात डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले लोक खाटांवर आणि खाटांच्या मधल्या जागेत पडलेले असायचे. मंत्री आले, फोटो निघाले, हातमोजे वाटले गेले. ते घालून सप्टेंबरच्या उकाड्यात काम करून दाखवण्याची जबाबदारी मात्र कुणी घेतली नाही. ॲडमिन निवृत्त होते आणि बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. ते सकाळच्या एसटीने जायचे आणि वॉर्डात बसायचे. ज्याचे डोळे बांधलेले त्याला घास भरवायचे. एखाद्याला विचारायचे, "प्रार्थना करू का भाऊ? नाही म्हटलं तरी चालते." बरेच जण करा म्हणायचे. एक मुसलमान म्हातारा म्हणाला, "करा, पण हळू करा, बाजूवाला झोपलाय." तर ते हळू करायचे. त्या दिवसांत गटात कोट्या कमी झाल्या. पेच मात्र वॉर्डातूनही यायचे.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत शमुवेल नावाचा एक तरुण होता. उपासनेत ढोलक वाजवायचा आणि हंगामात दुसऱ्यांच्या शेतात मजुरीने फवारणी करायचा. हसरा होता, कमी बोलायचा, वडील लहानपणीच गेलेले. त्याची आई शांतामावशी, सगळ्या मंडळीची मावशी. एका दुपारी शमुवेलला विषबाधा झाली आणि त्याला यवतमाळला हलवलं. गाडीत जागा नव्हती म्हणून मावशी घरी राहिल्या आणि ॲडमिन बरोबर गेले. दुसऱ्या दिवशी शमुवेल गेला. पण जाण्याआधी तासभर तो शुद्धीवर होता. त्याने ॲडमिनचा हात धरून सांगितलं, "हे फवारणीचं नाही, भाऊ." का, ते त्याने सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. हे सगळं मला त्यांनी नंतर सांगितलं. पुढचं नीट समजावं म्हणून ते मी आधीच सांगून टाकतो आहे.

कारण पुढचं हे, की त्यांच्या मंडळीत एक जुनी रीत होती. आपल्या हाताने गेलेल्यासाठी घंटा वाजवत नसत, गीत म्हणत नसत, आणि माती कब्रस्तानाच्या कुंपणाच्या आत नव्हे, बाहेर नाल्याच्या अंगाला देत. शमुवेलचे वडील कुंपणाच्या आत होते. त्यांच्या शेजारची जागा मावशींनी राखून ठेवली होती, स्वतःसाठी. गल्लीत दोन्ही प्रकारचं बोललं जात होतं. काही म्हणत फवारणीचं लागलं, काही नुसतेच मान हलवत. दवाखान्याच्या कागदावर विष एवढंच होतं. म्हणजे शमुवेलला कुठे पुरायचं हे आता एका माणसाच्या शब्दावर होतं, आणि तो माणूस कोण, हे सगळ्या मंडळीला माहीत होतं.

त्या संध्याकाळी गटात पेच आला. नेहमीच्या वेळी, नेहमीच्या भाषेत: 'एका मातेचा पुत्र मरण पावला. तो कसा मरण पावला हे एकाच मनुष्याला ठाऊक आहे. सत्य सांगितले तर ती दोनदा पुत्र गमावेल. माता त्याला विचारणार आहे. त्या मनुष्याने काय करावे?'

खरा की मनातला, हे विचारायचं नाही. आम्ही विचारलं नाही. मंडळीबाहेर, दारव्ह्यात बहुतेकांना शमुवेलची बातमी तोवर पोचलीही नव्हती. औषध-दुकानदार लिहिता झाला, 'त्या माणसाने आउट ऑफ कव्हरेज व्हावे.' त्यावर सात-आठ जणांनी हसून घेतलं. एकाने लिहिलं, 'माता बायकोची असेल तर सत्य, स्वतःची असेल तर असत्य.' मग राठोड सर आले. त्यांनी आमच्या ॲडमिननीच गेल्या काही वर्षांत लिहिलेली वाक्यं शोधून एकामागून एक चिकटवली. खोटं ते खोटं. वांग्याविषयी असो की स्वर्गाविषयी. 'तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असावे.' आणि खाली लिहिलं, 'ॲडमिन, आमच्या घरच्या भाजीत मीठ नाही म्हटलं तुमी. आता मागं कायले सरता?' ह्यावर तर गटात टाळ्यांचा पाऊस पडला. मतं मोजली गेली. सत्याचा विजय झाला. खोट्याच्या बाजूने मी नेहमीप्रमाणे एकटा होतो. इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला चांगलं शिकवलं होतं, आणि त्यांना स्वतःला जेव्हा विचारायची वेळ आली तेव्हा आम्ही धडा घडाघडा म्हणून दाखवला. त्यांनी शेवटी एकच शब्द लिहिला, 'बरं.'

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी सगळ्यांना कळली. आम्ही चौघे-पाचजण मातीला गेलो. चर्चच्या अंगणात बाजेवर शमुवेलला ठेवलं होतं. पाळकसाहेब पुस्तक घेऊन उभे होते, पण ते उघडत नव्हते. मंडळीचे पंच एका बाजूला दबक्या आवाजात बोलत होते. घंटेची दोरी धरून उभा असलेला माणूस एकदा पाळकांकडे बघे, एकदा पंचांकडे. तेवढ्यात मावशी उठल्या. दोघी बायकांनी धरायला हात पुढे केले ते त्यांनी बाजूला सारले, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारलं, "भाऊ, तुमी होते त्याच्यापाशी. सांगा या लोकाइले. माह्या शमूनं काही केलं, का फवारणीचं लागलं?"

ॲडमिन बाजेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"फवारणीचं लागलं, मावशी," ते म्हणाले.

कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पंचांनी आणखी चौघांना विचारलं असतं, पोलिसाला विचारलं असतं. पण टपावरचा धरून पंधरा सांगणाऱ्या माणसाला काय विचारणार? थोरल्या पंचांनी घंटेकडे हात केला. घंटा वाजली, पाळकांनी पुस्तक उघडलं, गीत सुरू झालं. ढोलक वाजवायला कुणी नव्हतं, म्हणून ते जरा फरफटत गेलं. राठोड सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांना आदल्या संध्याकाळचा पेच आठवला की नाही, मला माहीत नाही; ते बराच वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

त्याच दिवशी ॲडमिननी गटात लिहिलं, 'मी ह्या पदास पात्र राहिलो नाही,' आणि राठोड सरांना ॲडमिन केलं. लोकांना वाटलं चेष्टा मनाला लागली. हात जोडलेल्या चित्रांचा ढीग पडला, माफ्या आल्या, औषध-दुकानदार घरी जाऊन पेढे देऊन आला. त्यांनी पेढा खाल्ला, पण कारण सांगितलं नाही. पेच बंद झाले. राठोड सरांनी काही दिवस टाकून पाहिले, पण त्यांना उत्तरं आधीच ठाऊक असायची, त्यामुळे मजा येईना.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि नाताळाला त्यांच्यात प्रभुभोजन असतं. सगळे उठून पुढे जातात, गुडघे टेकतात, भाकर आणि द्राक्षरस घेतात. ज्याच्या मनावर पाप आहे त्याने ते कबूल करून, पश्चात्ताप करून मगच पुढे जावं, नाहीतर जागेवर बसावं. आमचे जुने ॲडमिन (मला ते अजूनही ॲडमिनच) त्या महिन्यापासून मागच्या बाकावर बसू लागले आणि प्रभुभोजनाला उठेनासे झाले. हे एक वर्ष चाललं, दुसरं चाललं. शेवटी एकदा ते ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला आले असता मी विषय काढला, आणि तेव्हाच त्यांनी मला वॉर्डातलं सगळं सांगितलं.

"मग कबूल करा की तुमच्या देवापुढे," मी म्हणालो. "त्यात कुठं पंच येतात?"

"कबूल त रोजच करतो. पश्चात्ताप होऊन नाही राह्यला न." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "उद्या ते मावशी पुन्हा तसंच विचारन, त मी पुन्हा तसंच सांगीन. मंग पुढं जाऊन गुडघे कायले टेकू? माणसापुढं एक खोटं झालं. त्याच्यापुढं दुसरं नाही करत."

"तुमचा देव एवढा हिशेबी असेल असं मला वाटत नाही."

"नसन बी. पण मी हाओ." मग हसून म्हणाले, "तुमी जिंकले, ज्युनियर. तुमची बाजू खरी निघाली." इतक्या वर्षांच्या वादात ते एवढं एकदाच हरले, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

नंतरच्या एका नाताळाला त्यांनी मला उपासनेलाच बोलावलं. "फराळ उपासनेनंतरच भेटते, म्हणून लवकर या," असा निरोप होता. मी फाटकाशी पोचलो तर शांतामावशी काठी टेकत उभ्या होत्या. डोळ्यांना कमी दिसू लागलं होतं. मी ओळख सांगितली तशा म्हणाल्या, "त्या भाऊचे दोस्त न तुमी? मले आत घेऊन चाला. पुढं नोको. मागच्या बाकावर, त्याच्यापाशी."

"तुमची जागा तर पुढे आहे, मावशी."

"तो प्रभुभोजनाले उठत नाही. माह्यापाई." त्या चालता चालता थांबल्या. "शमूले पह्यले म्याच पायलं होतं, गुरुजी. घरामागं. तोंड म्याच धुतलं त्याचं, आन गाडी बलावली."

मीही थांबलो. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग सगळ्यांपुढे त्यांना विचारलं कशाला?"

"त्याचंच आयकते न लोक," मावशी म्हणाल्या. "शमूले त्याच्या बापापाशी निजवाचं होतं मले."

"मग आता तरी सांगा त्यांना, की तुम्हाला ठाऊक होतं."

"कसं सांगू? त्याले वाटते त्यानं मायले वाचवलं. तेवढं तरी राहू द्या त्याच्यापाशी."

मी त्यांना मागच्या बाकापर्यंत नेलं. ॲडमिन गडबडून सरकले. मावशी त्यांच्या शेजारी बसल्या आणि मावशींच्या शेजारी मी. चर्चला कागदी तारे लावले होते, खिडकीतल्या वाऱ्याने ते फिरत होते. ढोलकावर कुणी नवा मुलगा होता, घाईत वाजवत होता. मग पाळकांनी प्रभुभोजनाला बोलावलं आणि पुढच्या बाकांपासून लोक उठू लागले. रांग आमच्यापर्यंत आली तेव्हा ॲडमिननी वाकून हळूच म्हटलं, "उठा मावशी. मी पुढपर्यंत हात देतो."

"गुडघे दुखते."

"पाळक जागेवर आणून देतीन. सांगू का?"

"तू घेतं का?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"मंग बस," मावशी म्हणाल्या, आणि काठी बाकाला टेकवून त्यांनी आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

सगळं चर्च पुढे जाऊन गुडघे टेकून होतं. मागच्या बाकावर आम्ही तिघेच उरलो. ॲडमिन समोर बघत होते. मावशींनी डोळे मिटले होते. मला तर उठून पुढे जाण्याचा हक्कच नव्हता, आणि त्या क्षणी दुसरीकडे कुठे बसावंसंही वाटत नव्हतं.